थिएटर पाडण्याआधी केबिनमधले डबे तपासा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

जुन्या एकपडदा थिएटरच्या पाडकामाला परवानगी देण्याआधी प्रोजेक्शन केबिन आणि माळा यांत जुन्या फिल्मचे डबे राहिलेत का हे तपासणं सक्तीचं करा, एवढीच आमची मागणी आहे. त्यासाठी रिचर्ड नॉर्मन या अमेरिकी चित्रकर्त्याची हकीकत जरूर ऐकावी.

१८९१ साली फ्लोरिडात जन्मलेला नॉर्मन सुरुवातीला गावोगाव फिरायचा. आगगाडीच्या अपघाताची फिल्म त्याच्याकडे तयारच असे. उरलेले प्रसंग तो गावातल्याच माणसांवर घ्यायचा, दोन्ही तुकडे जोडायचा आणि तिथल्याच थिएटरात दाखवून गल्ला वाटून घ्यायचा. कथा तीच, चेहरे नवे. म्हणजे प्रत्येक गावाची फिल्म निराळी; ती गेली की दुसरीकडे शोधायची सोय नाही.

१९२०च्या सुमारास त्यानं जॅक्सनव्हिलला स्टुडिओ घेतला. स्वतः गोरा, पण कृष्णवर्णीय कलाकारांना त्यानं नायक केलं. कृष्णवर्णीय वैमानिक नायक असलेला 'द फ्लाइंग एस' (१९२६) आला तेव्हा अमेरिकी लष्कर कृष्णवर्णीयांना वैमानिक होऊ देत नव्हतं! पुढे बोलपटासाठी त्यानं तबकडीवरच्या ध्वनीत, म्हणजे फिल्मबरोबर वेगळी तबकडी वाजवण्याच्या पद्धतीत, पैसा घातला. या पद्धतीत फिल्म तुटून चार फ्रेम कापल्या तरी ओठ आणि आवाज यांचा मेळ सुटतो. फिल्मवरच ध्वनी छापण्याची रीत आली आणि त्याचा धंदा बसला.

त्याच्या मोठ्या चित्रपटांपैकी 'द फ्लाइंग एस' तेवढा अखंड उरला. बाकीच्यांची माहिती मिळते ती मुख्यतः जपलेल्या पत्रांतून आणि पोस्टरांतून.

आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) अपुरा आहे, 'सैरंध्री' (१९२०) उरलाच नाही आणि २००३ साली पुण्यातल्या आगीत नायट्रेट फिल्मचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मचा, मोठा साठा जळाला.

तपासणी अशी व्हावी. फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'नायट्रेट' किंवा 'सेफ्टी' छापलेलं असतं, पण मूळ निगेटिव्हवरची अक्षरंही प्रतीवर उतरतात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. १९५१पर्यंतची प्रत नायट्रेट समजूनच हाताळावी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती कुजू लागलेली ॲसिटेट, म्हणजे 'सेफ्टी' फिल्म. नायट्रेट कुजताना आधी चित्र पिवळट, फिकं होतं, मग मधासारखा चिकट फेस येतो, शेवटी तपकिरी भुकटी उरते. अशी फिल्म ४१ अंशांच्या वर बराच वेळ राहिली तर आपोआप पेटू शकते, आणि विदर्भातला मे महिना आपण जाणताच. पेटल्यावर ती पाण्याखालीही जळते, कारण प्राणवायू तिच्यातूनच सुटतो. म्हणून डबे पत्र्याच्या छपराखाली ठेवू नयेत, प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधू नयेत, गंजलेलं झाकण छिन्नीनं ठोकू नये आणि 'जरा चालवून बघू' म्हणून प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नयेत. हजार फुटांचं रीळ म्हणजे मूकपटाची साधारण सोळा मिनिटं. एका डब्यातही पुष्कळ काही वाचू शकतं.

डब्यांबरोबर केबिनमधल्या खेळांच्या वह्या, पोस्टरं आणि प्रिंट आल्या-गेल्याच्या पावत्याही ताब्यात घ्याव्यात. रद्दीवाला त्याच आधी उचलतो.

कळावे,
जुन्या फिल्मच्या जतनाचं काम करणारे आम्ही