"रिंग कुठली लावलीय?" या प्रश्नासाठी आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

मुंबईच्या बोरा बाजारात तुमच्या टेबलापाशी कुणी जुनी लेन्स घेऊन आलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. लेन्स कुठली हे तुम्ही विचारत नाही, ती तुम्हाला दिसतेच. तुम्ही विचारता, "रिंग कुठली लावलीय?" रिंग म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा अ‍ॅडॅप्टर. जुन्या मॅन्युअल लेन्स नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर वापरणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र त्या प्रश्नासाठी आहे. त्या प्रश्नामुळे कितीतरी धडधाकट लेन्स विनाकारण उघडल्या जाता जाता राहिल्या.

तक्रार बहुतेक वेळा एकच असते: जवळचं छान येतं, लांबचं काही केल्या स्वच्छ येत नाही. दोष लेन्सच्या वयाला दिला जातो, आणि तुम्ही शांतपणे व्हर्नियर मोजपट्टी काढता. एम४२ म्हणजे ४२ मिमी आट्यांच्या लेन्सला तिच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनीच्या ई माउंटचे (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा) त्यातले १८ मिमी कॅमेऱ्यातच असतात. उरलेले २७.४६ मिमी अ‍ॅडॅप्टरने भरून काढायचे, ना कमी ना जास्त. मोजायचं ते कॅमेऱ्याला टेकणाऱ्या सपाट कडेपासून लेन्स टेकते त्या कडेपर्यंत. बेयोनेटचे, म्हणजे फिरवून अडकवायच्या जोडाचे, दात धरून मोजलं की आकडा चुकतो, आणि नवखे तिथेच फसतात. एका जागी मोजून भागत नाही हेही तुम्हीच दाखवलंत. घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी मोजायचं. चारही आकडे जुळले नाहीत तर रिंग तिरकी आहे. मग फोटोची एक बाजू नेहमी मऊ येणार, आणि लोक म्हणणार की आतली काच सरकलीय.

एक दशांश मिलिमीटरने काय बिघडतं, असं विचारणाऱ्याला तुम्ही कागदावर करून दाखवता तो हिशेब आता आम्हाला तोंडपाठ आहे. फोकल लेंग्थचा वर्ग करायचा आणि रिंग हवी त्यापेक्षा जेवढी जाड तेवढ्या मिलिमीटरने भागायचं. ५८ मिमीची हेलिओस ४४-२ आणि ०.१ मिमी जास्त जाड रिंग: ३३६४ भागिले ०.१, म्हणजे साधारण साडेतेहतीस मीटर. त्यापलीकडे नेमका फोकस कधीच बसणार नाही. तीच रिंग २८ मिमीच्या लेन्सला लावली तर ७८४ भागिले ०.१, जेमतेम आठ मीटर! म्हणून एकाच रिंगवर ५८ मिमी "चालते" आणि २८ मिमी "खराब निघते". लेन्स दोन्ही चांगल्याच असतात.

बाजारातल्या स्वस्त रिंगा बहुधा मुद्दाम थोड्या पातळ ठेवलेल्या असतात, म्हणजे इन्फिनिटी (अगदी लांबचा फोकस) हमखास मिळावी. हेलिओससारख्या लेन्सचं त्यात काही बिघडत नाही, तिच्या सगळ्या काचा एकत्र पुढे-मागे होतात. फक्त फोकस रिंगवर लिहिलेले अंतराचे आकडे खोटे पडतात. पण निकॉनच्या १९६७ सालच्या २४ मिमी एफ/२.८ निक्कॉरपासून ज्या वाइड लेन्सना जवळच्या फोकससाठी आतली काच वेगळी सरकवायची सोय आली, त्यांना पातळ रिंग सोसत नाही. लांबच्या दृश्यासाठी फोकस रिंग जवळच्या आकड्यावर आणावी लागते, आतल्या काचा चुकीच्या अंतरावर बसतात आणि कोपरे विस्कटतात. अशा वेळी रिंगचे चार स्क्रू काढून मध्ये ०.०५ मिमीची पितळी शिम (पातळ चकती) घालायची, पुन्हा मोजायचं, लागली तर आणखी एक घालायची. एवढ्या बारीक कामासाठी तुम्ही कुणाला घाई करू दिली नाहीत, याचेही आभार.

इन्फिनिटी तपासायची तुमची रीत आता आम्ही सगळेच वापरतो. कॅमेरा तिकाटण्यावर, अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं, समोर चंद्र किंवा दोन-तीन किलोमीटरवरची इमारत, आणि फोकस बघायचा तो स्क्रीनवर पूर्ण मोठं करून. दुपारी नाहीच, तापलेल्या हवेत लांबच्या कडा थरथरतात. पीकिंगच्या, म्हणजे फोकस दाखवायला कॅमेरा काढतो त्या, रंगीत रेषांवर विसंबायचं नाही, हे तर तुम्ही दर वेळी बजावता. त्या रेषा फक्त कॉन्ट्रास्ट दाखवतात. एफ/२ वर पापणी आणि नाकाचा शेंडा दोन्ही रंगवतात, फोकस त्यातल्या एकावरच असतो.

हेलिओस ४४-२ च्या दोन रिंगांचा घोळही तुमच्यामुळे सुटला. पुढची रिंग टकटक करत आकड्यांवर बसते, ती फक्त मर्यादा ठरवते. मागची मोकळी फिरते आणि अ‍ॅपर्चरची पाती खरोखर उघडते-मिटते. पुढची ५.६ वर ठेवायची, मागची पूर्ण उघडून फोकस करायचा, मग मागची अडेपर्यंत फिरवायची आणि फोटो घ्यायचा. ऑटो प्रकारच्या ज्या एम४२ लेन्सना ए-एम (ऑटो-मॅन्युअल) स्विच नसतो, त्यांना मात्र मागची पिन दाबून ठेवणारी, आतून कड असलेली रिंग लागते. ती नसेल तर आकडा कितीही बदला, पाती हलतच नाहीत. अशा किती लेन्स "पाती अडकली" म्हणून तुमच्याकडे आल्या असतील आणि दोन मिनिटांत परत गेल्या असतील!

कॅमेऱ्यातल्या तीन गोष्टी तुम्ही चिठ्ठीवर लिहून देता. लेन्स नसतानाही शटर चालू दे, हा पर्याय सुरू करायचा. स्थिरीकरणात (हात हलला तरी फोटो न हलण्याची सोय) फोकल लेंग्थ हाताने भरायची, आणि सेन्सर एपीएस-सी (लहान आकाराचा) असला तरी हेलिओसला ५८ च लिहायची, ८७ नाही. वेगवान शटरला फोटोत उजेडाचे पट्टे किंवा असमान छटा दिसल्या तर इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन हा शटरचा पर्याय बंद करायचा.

सगळ्यात मोठा उपकार मात्र रिंगच्या आतल्या बाजूचा. उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो दुधाळ येतो, त्याचं खापर जुन्या कोटिंगवर फुटतं. तुम्ही रिंग काढता, बल्बकडे धरता आणि मागून बघायला लावता. आतली भिंत चकचकत असते, स्क्रूची डोकीसुद्धा. आत काळा मखमली कागद चिकटवला, स्क्रूच्या डोक्यांना मॅट काळा रंग लावला आणि पुढे ४९ मिमीचा हूड (बाजूचा उजेड अडवणारी कड) लावला की त्याच हेलिओसमधून काळा रंग काळा येतो. नवी लेन्स घ्यायला निघालेला माणूस कागदाच्या एका पट्टीवर समाधानाने परत जातो.

लेन्स खरोखर उघडावीच लागते तेव्हाचा तुमचा नियमही लिहून ठेवतो, नव्या मुलांना उपयोगी पडेल. वाळलेल्या ग्रीसमुळे फोकस जड झाला, तर फोकसचे आटे वेगळे करण्याआधी ते जिथे सुटतात त्या जागी दोन्ही बाजूंना खूण करायची. या आट्यांना सुरुवातीची तोंडं अनेक असतात. चुकीच्या तोंडात बसवलं तरी लेन्स फिरते छान, फक्त इन्फिनिटी हरवते. जुनं ग्रीस लायटरच्या पेट्रोलने पूर्ण धुवायचं, नवं अगदी पातळ लावायचं. जास्त लावलं तर तेल पाझरून पात्यांवर येतं. शेवटी फोकस रिंगवरचे तीन बिनडोक्याचे स्क्रू सैल करून इन्फिनिटीची खूण जुळवायची. जपानी लेन्सना जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, पेचकसच वापरायचा, साध्या फिलिप्सने स्क्रूची डोकी झिजतात.

आणि पावसाळा. मुंबईत आणि कोकणात बुरशीने जेवढ्या लेन्स खाल्ल्या तेवढ्या पडून फुटल्या नसतील. चामड्याच्या डब्यात ओल धरून राहते, म्हणून लेन्स त्यातून काढून ठेवा, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता. हवाबंद डबा, निळी सिलिका जेल, ती गुलाबी झाली की बदलायची, आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के. बुरशी पुसता येते, तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगता आणि मगच काम हाती घेता. पिवळ्या पडलेल्या ५० मिमी एफ/१.४ सुपर टाकुमारला मात्र तुम्ही उघडतच नाही. तिच्या काचेत थोरियम आहे, पिवळेपणा तिथला आहे. काही दिवस अतिनील एलईडीखाली ठेवली की काच पुन्हा उजळते. खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, सूर्यकिरण एकवटून आग लागेल, हेही सोबत सांगता.

यंदाच्या पावसाआधी सगळ्यांच्या डब्यांतली जेल बदलून झाली आहे. पुढच्या खेपेला रिंग मोजूनच आणू, चारही आकडे कागदावर लिहून.

आपले कृतज्ञ,
जुन्या लेन्सवाले तुमचे गिऱ्हाईक