चुकून आणि थोडंसं

चि. चिऊ हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू मध्येच "जाऊ दे ना बाबा" म्हणालीस आणि विषय बदललास. तुझं हे 'जाऊ दे' मी तुझ्या लहानपणापासून ओळखतो. मनातून जात नसलेल्या गोष्टीलाच तू ते लावतेस. पण फोनवर मला धड काही सुचलं नाही. सगळा जन्म संग्रहालयाच्या भांडारात गेला, तिथे बोलण्यापेक्षा बघण्याचं काम जास्त. म्हणून हे पत्र.

मला कळलं ते असं. प्रदर्शनासाठी दुसऱ्या संग्रहालयातून चित्र आलं. क्रेट, म्हणजे ते ज्यातून आलं ती लाकडी पेटी, तुम्ही एक दिवस बंदच ठेवलीत, खोलीतली हवा तिला मानवू दिलीत, मग उघडलीत. इथपर्यंत सगळं रीतसर. तू टॉर्च कडेनं धरून चित्र बघितलंस तर डावीकडे खाली व्हार्निशवर एक बारीक रेघ. सोबत आलेल्या कंडिशन रिपोर्टात, म्हणजे चित्राच्या अवस्थेच्या नोंदीत, ती कुठेच नाही. तू दाखवलीस, तर साहेब म्हणाले, "जुनीच असणार. त्यांच्याकडून लिहायची राहिली असेल. उगाच पत्रापत्री कशाला?" आणि तू तो रकाना कोरा ठेवून घरी आलीस. त्यात भर म्हणजे तुझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणीचं नाव क्युरेटर, म्हणजे प्रदर्शन रचणारी, म्हणून कॅटलॉगात छापून आलंय, आणि तू रेघा मोजत बसली आहेस.

मैत्रिणीचं आधी उरकतो. चित्रकाराचं नाव भिंतीवर, क्युरेटरचं कॅटलॉगात, पाहुण्यांचं उद्‌घाटनाच्या बातमीत. आपलं नाव रिपोर्टाखाली, सहीच्या जागी, फायलीत. मला याचं कधी वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिली पाच-सहा वर्षं फार वाटायचं. उद्‌घाटनाच्या दुपारी चारपर्यंत आम्ही शिडीवर, पातळी बघतोय, दिव्यांचे कोन बदलतोय. पाच वाजता शिड्या उचलून मागच्या दारानं बाहेर. २०२२ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयानं आपल्या १७ सुरक्षारक्षकांनाच एक प्रदर्शन रचायला सांगितलं, हे वाचलं तेव्हा मी एकटाच खुर्चीत बसून हसलो. रक्षक दिवसाचे आठ-आठ तास त्याच चित्रांसमोर उभे असतात. कुठल्या चित्रापुढे माणसं थबकतात आणि कुठलं बघितल्यासारखं करून पुढे सरकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण असं रोज घडत नाही, आणि घडावं म्हणून वाट बघत बसलीस तर तुझे डोळे रिपोर्टावरून उठतील. नावाचं एवढंच.

आता रेघेचं.

ही गोष्ट मी तुझ्या आईलासुद्धा लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी सांगितली. नोकरीला लागून मला दुसरं वर्ष होतं. मांडणीच्या तुकडीत होतो, म्हणजे उचलणं, टांगणं, उतरवणं. आमच्या मुकादमांचे नियम पाठ होते. आधी ठेवायची जागा तयार करा, मग वाट मोकळी करा, मग वस्तूला हात लावा. चौकट वरच्या पट्टीनं कधी धरायची नाही, एक हात खाली, एक कडेला. उलटं चालायचं नाही. लहान दिसलं तरी दोघांनीच उचलायचं. त्या दिवशी एक मध्यम आकाराचं तैलचित्र होतं, पण चौकट जड, सोनेरी, कोपऱ्यांत पानांची नक्षी. अशी नक्षी नेहमी लाकडात कोरलेली नसते. पुष्कळदा ती खडू, सरस आणि राळ यांच्या लगद्याची असते, साच्यातून काढून चिकटवलेली, वर सोन्याचा वर्ख. दिसते दणकट, असते ठिसूळ. माझा जोडीदार दोन मिनिटांसाठी बाजूला गेला. मला वाटलं, दहा पावलं तर आहेत.

दाराच्या कडेला कोपरा लागला. आवाज अगदी बारीक, खडू मोडावा तसा. खाली बघितलं तर नखाएवढं एक पान पडलेलं. आजूबाजूला कुणी नाही. मी ते पान उचललं आणि शर्टाच्या खिशात घातलं.

चित्र टांगलं. रिपोर्टातला चौकटीचा रकाना कोरा सोडला. मग अर्धा दिवस माझा हात खिशाकडे जात राहिला. तू परवा ज्या आवाजात 'जाऊ दे' म्हणालीस, त्याच आवाजात मी दिवसभर सगळ्यांशी बोलत होतो असणार.

संध्याकाळी न राहवून संवर्धन विभागात गेलो, जिथे चित्रं साफ आणि दुरुस्त होतात. तिथल्या बाई म्हणजे सगळ्यांचा धाक. त्या मायक्रोस्कोपखाली एका चित्रावरची काजळी काढत होत्या. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, चित्रावर नखभर जागेत फिरवायचा, काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. हो, थुंकीनं. तू आता हे रोज बघतेस, पण मला तेव्हा ठाऊक नव्हतं की लाळेतली एन्झाइम्स हे काम फार हळुवारपणे करतात. मी दारात उभा. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय मोडलंस?"

मी सांगितलं. ओरडा बसेल म्हणून खांदे आवळून उभा होतो. त्यांनी एकच विचारलं, "तुकडा आहे?" मी टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मग निम्मं काम झालं. खिशात ठेवला होतास का? खिशात कडा झिजतात. पुढच्या वेळी डबीत ठेव." पुढच्या वेळी! मला हसावं की रडावं कळेना.

मग त्यांनी मला रिपोर्ट आणायला लावला आणि म्हणाल्या, लिही. मी लिहिलं, "चुकून चौकटीचं थोडंसं नुकसान झालं." त्यांनी खोडरबर घेतलं. 'चुकून' खोडलं. "हे चौकटीवर दिसतंय का?" 'थोडंसं' खोडलं. "हे मोजलंस का?" शेवटी जे उरलं ते मला आजही पाठ आहे: 'चौकट, खालचा कोपरा, बघणाऱ्याच्या उजवीकडे. नक्षीतलं एक पान सुटलं, १४ मि.मी. × ९ मि.मी. आतला पांढरा थर उघडा. तुकडा मिळाला, पाकिटात ठेवला.' कसं घडलं ते निराळ्या कागदावर, घटनेच्या नोंदीत: एकट्यानं उचललं. खाली सही. मुकादमांनी महिनाभर मला फक्त रिकाम्या क्रेटी उचलायला लावल्या. बरोबरच होतं त्यांचं.

अकरा वर्षांनी तेच चित्र बाहेरच्या प्रदर्शनाला गेलं. परत आलं तेव्हा आमच्या नव्या मुलाला नेमका तोच कोपरा सांधलेला दिसला. दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलायला लागले. तोवर मी भांडारात बसायला लागलो होतो. जुनी फाईल काढली. तोच कोपरा, तेच पान, १४ × ९. पाच मिनिटांत सगळे शांत. ते पान मी कुठे टाकून दिलं असतं आणि कागद कोरा ठेवला असता, तर कुणा भल्या माणसावर भलता आळ आला असता.

चोरीच्या गोष्टी लोकांना फार आवडतात, म्हणून तुला मोना लिसाची सांगतो, पण आपल्या बाजूनं. २१ ऑगस्ट १९११, सोमवार, पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद. विन्चेन्झो पेरुजा नावाच्या इटालियन कारागिरानं ते चित्र भिंतीवरून उतरवून नेलं. चित्रांना काच बसवण्याच्या कामासाठी तो आधी तिथे राबलेला, त्यामुळे वाटा ठाऊक. हे सगळे सांगतात. पण दुसऱ्या दिवशी एक चित्रकार तिथे काम करायला आला, रिकामी भिंत बघून त्यानं रक्षकाला विचारलं, आणि रक्षक म्हणाला की फोटोसाठी नेलं असेल. मला या गोष्टीत चोरापेक्षा तो रक्षक जास्त आठवतो. त्याचं काही चुकलं नव्हतं. चित्रं तशी नेलीच जायची, आणि जागेवर चिठ्ठी ठेवायची शिस्त नव्हती. त्यामुळे रिकामी भिंत बघून कुणालाच धस्स झालं नाही. चित्र दोन वर्षांहून जास्त बेपत्ता होतं. आमच्या भांडारात फळीवरून वस्तू हलली की तिथे तिच्या क्रमांकाची, तारखेची, नेणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी लागायची. नवे लोक वैतागायचे. मी त्यांना हा रक्षक सांगायचो.

आणि एक रोझ व्हॅलां. पॅरिसच्या ज्यू द पोम संग्रहालयात काम करायची, कित्येक वर्षं तर बिनपगारी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर घेतल्यावर लुटलेली चित्रं त्याच इमारतीत आणायला सुरुवात केली. तिला जर्मन येत होतं, ते तिनं कळू दिलं नाही. कोणाकडून आलेलं चित्र, कुठल्या खोक्यात गेलं, खोकं कुठे निघालं, हे ती चार वर्षं गुपचूप टिपत राहिली. युद्ध संपल्यावर हजारो वस्तूंचा माग त्या टिपणांवरून लागला. तिच्या शौर्याबद्दल लोक भरभरून लिहितात, आणि ते खरंच आहे, सापडली असती तर जीव गेला असता. पण मी मात्र तिच्याकडे रजिस्ट्रार, म्हणजे संग्रहालयातल्या वस्तूंची नोंद ठेवणारी, म्हणून बघतो. काय, कुठून, कुठे, कधी. याच रकान्यांसाठी तू परवा चिडली होतीस.

कधी कधी तर लिहिणारा माणूसही नसतो, धूळच लिहून ठेवते. जर्मनीत ड्रेस्डेनमधलं, जुन्या डच चित्रकार व्हर्मीरनं काढलेलं पत्र वाचणाऱ्या मुलीचं चित्र तुला ठाऊक आहे. तिच्या मागच्या कोऱ्या भिंतीखाली मदनाचं चित्र झाकलेलं आहे, हे १९७९ मध्ये क्ष-किरणांत दिसलं होतं. सगळ्यांनी धरून चाललं की व्हर्मीरनंच मत बदललं असेल. 'जुनीच असणार' म्हणाले ना तुझे साहेब, तसंच. पुढे संवर्धकांनी रंगाचे कण तपासले तर खालचं व्हार्निश आणि वरचा रंग यांच्यामध्ये मळाचा थर निघाला. म्हणजे मधे कित्येक वर्षं गेलेली, आणि वरचा रंग व्हर्मीरच्या मृत्यूनंतर कुणी दुसऱ्यानंच चढवलेला. मग मायक्रोस्कोपखाली स्काल्पेलनं तो थर कणाकणानं काढला आणि २०२१ मध्ये मदन लोकांना दिसला. तो मळाचा थर कुणी तपासला नसता तर?

तुझ्या साहेबांना मी नावं ठेवणार नाही. उद्‌घाटन सहा दिवसांवर, आणि प्रत्येक नवी रेघ म्हणजे पाठवणाऱ्यांना मेल, विमावाल्यांना फोन, वर स्पष्टीकरण. मीही त्या खुर्चीत बसलोय आणि एकदा-दोनदा 'बघू नंतर' म्हणालोय. तुझ्यासमोर कबूल करतो. आणि खरंच, रेघ जुनी असेलही! पण ते ठरवणं तुझ्या रकान्यात येतच नाही. तू फक्त लिही: 'व्हार्निशवर रेघ, डावीकडे खाली, कडेपासून इतके मि.मी., लांबी इतकी, कडेच्या प्रकाशात दिसते, रंगापर्यंत गेलेली दिसत नाही. सोबतच्या रिपोर्टात नोंद नाही. क्रेट उघडताना आढळली.' यात कुणावर ठपका आहे का? 'नवीन' लिहू नकोस, 'जुनी' लिहू नकोस. 'किरकोळ' तर अजिबात नको. फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवून. साहेबांना तोच कागद दाखव आणि म्हण, मी इतकंच लिहिलंय, सर. माणूस तोंडी 'सोड' म्हणतो, पण समोर मोजमाप आलं की बहुतेक जण सोड म्हणत नाहीत. तरीही म्हणाले, तर तुझ्या सहीखाली तो रकाना कोरा जाणार की नाही हे तुझं तू ठरव. ते मी ठरवणार नाही.

एक गंमत लिहायची राहिली. चित्राजवळ आपण पेन आणत नाही, सगळं पेन्सिलीनं. शाईचा एक थेंब उडाला तर संपलं. त्यामुळे खोडणं आपल्याइतकं सोपं कुणालाच नाही. त्या बाईंच्या टेबलावर खोडरबर नेहमी असायचं, पण मी त्यांना ते फक्त विशेषणांवर चालवताना बघितलं.

सोबत माझा जुना टॉर्च पाठवतोय. तुमचे नवे जास्त लखलखीत असतात, मान्य, पण याची कड चांगली पडते. चित्राला जवळजवळ चिकटवल्यासारखा आडवा धर, मग खालून वर सावकाश ने. सेल नवे घातलेत. बटण जरा अडकतं, दोनदा दाबावं लागतं.

आईचा आशीर्वाद. रेघ किती भरली ते कळव.

तुझा,
बाबा