एक्सआरडीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं काका. तसंही अख्खी इमारत तुम्हाला एक्सआरडीवाले, म्हणजे क्ष-किरणांनी खनिज ओळखणाऱ्या मशीनवाले, काका म्हणूनच ओळखते. परवा प्रबंध सादर केला. आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. तिच्यात जे मावलं नाही, ते इथे लिहितेय.

मी तुमच्याकडे आणली होती ती चिमूटभर हिरवी माती. हिंदी महासागराच्या तळावरच्या पर्वतरांगेवरून जहाजाने खरवडून आणलेल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमधून मी ती सुईने टोकरून काढली होती. आमच्या नाशिककडच्या दगडखाणींत झिओलाइट स्फटिकांच्या पोकळ्यांना असंच हिरवं अस्तर असतं, त्यामुळे रंग बघून जीव हरखला होता. पण हिरव्या रंगाची खनिजं ढीगभर आहेत, आणि नेमकं कोणतं हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

तुमच्याआधी ज्यांच्या दारात गेले, त्यांची नावं घेत नाही. एकांनी फोनच उचलला नाही. दुसऱ्यांनी पैसे घेतले, पक्की पावती दिली, आणि एका ओळीचा अहवाल हातावर ठेवला: १४ अँगस्ट्रॉमला पीक आहे (म्हणजे आलेखावरचं टोक, ज्यावरून मातीच्या थरांमधलं अंतर कळतं), क्लोराइट. फुगणारी माती ओळखायला ग्लायकॉलची वाफ देतात, ती दिलीत का, असं विचारलं तर ‘आम्ही ते करत नाही’. नमुना भट्टीत खडखडीत वाळवलेला, हिरव्याचा तपकिरी झालेला. उरलेला परत मागितला तेव्हा समोरचा माणूस हसला. ते हसू अजून विसरले नाही.

चहा पिताना तुम्ही विचारलं होतंत, एवढ्याशा मातीत एवढं काय आहे? तेव्हा धड सांगता आलं नाही. १९७७ साली गॅलापागोसजवळ ‘आल्विन’ पाणबुडी खाली गेली आणि समुद्रतळावरचे गरम झरे पहिल्यांदा माणसाच्या नजरेस पडले. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ५३ मिलिमोल मॅग्नेशियम असतं. ते पाणी खडकात मुरून, तापून, साडेतीनशे अंशांचं होऊन बाहेर येतं तेव्हा त्यात मॅग्नेशियम जवळजवळ उरतच नाही. वाटेत ते असल्याच मातीत अडकतं. नद्या लाखो वर्षं समुद्रात मॅग्नेशियम ओततायत, ते जातं कुठे, या कोड्याचा एक धागा इथे आहे. आणि कोणती माती तयार झाली त्यावरून पाणी किती तापलं होतं ते कळतं. क्लोराइट म्हटलं की साधारण २०० अंशांच्या पुढचं तापमान आलं. सॅपोनाइट, म्हणजे फुगणारी माती, म्हटलं की त्याहून बरंच कमी. त्या एका ओळीच्या अहवालावर विसंबले असते, तर माझा अख्खा चौथा अध्याय उकळत्या पाण्यात गेला असता.

तुम्ही स्लाइड रात्रभर ग्लायकॉलच्या वाफेत ठेवलीत आणि सकाळी मला शेजारी बसवून आलेखावर पट्टी लावलीत. ६.३ अंशांच्या कोनावरचं पीक सरकून ५.२वर आलेलं, म्हणजे १४चे १७ अँगस्ट्रॉम. क्लोराइट असं फुगत नाही. पुढे १.५३ अँगस्ट्रॉमचं पीकही सापडलं आणि सॅपोनाइटवर शिक्का बसला. तुम्ही फक्त ‘फुगलं बघा’ एवढंच म्हणालात.

पण काका, हे पत्र त्या पिकासाठी नाही. मशीन चालवणं तुमचं काम होतं, असं तुम्हीच म्हणाल. पत्र आहे नंतरच्या दहा मिनिटांसाठी. मी सामान आवरत होते आणि तुम्ही बेसिनपाशी पाठमोरे उभे होतात. मला वाटलं, भांडी धुताय. तुम्ही अकीकाच्या खलात थेंब थेंब डिस्टिल्ड पाणी सोडून कडेला चिकटलेली माती बोटाने सोडवत होतात. मग पिपेट धुतलंत, तेही पाणी त्याच कुपीत. कुपी काठोकाठ भरलीत, आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून, कारण हवा लागली की आतलं लोह गंजतं आणि हिरवा रंग जातो. वरून फिल्म ताणून बसवलीत, पेन्सिलीने माझा नमुना क्रमांक लिहिलात आणि म्हणालात, ‘एवढ्या खालून आणलंय, सिंकमध्ये कशाला घालवायचं?’

हे कुठल्या नियमात बसत नाही, याचं बिल होत नाही. मोठ्या खुर्च्यांवरच्या लोकांनी माझ्या वाळलेल्या नमुन्याची किंमत शून्य ठरवली होती, आणि तुम्ही खलाला चिकटलेलीसुद्धा माती मोजलीत. आपल्याकडचं निम्मं संशोधन अशाच माणसांच्या जिवावर चालतं, ज्यांचं नाव शोधनिबंधावर कधी येत नाही. यावर बोलायला लागले तर पत्र लांबेल.

त्या कुपीतलं थोडं आता ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तापमान काढायला पाठवलंय. गॅलापागोसजवळच्या समुद्रतळावरच्या उंचवट्यांवरच्या नॉन्ट्रोनाइट नावाच्या हिरव्या मातीचं तापमान याच रीतीने २०-३० अंशांच्या आसपास निघालं होतं. आपल्या सॅपोनाइटचं किती निघतं ते बघू. आकडा आला की आधी तुम्हाला फोन करते, मग सरांना.

तुमची,
हिरव्या मातीवाली