कुर्डुवाडीच्या भिंतीवर थोडी जागा सोडा

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
यांना सादर नमस्कार.

अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत आमचं कुर्डुवाडी जंक्शन आहे. म्हणजे नवा दर्शनी भाग, नवे दिवे आणि एखाद्या भिंतीवर भलंमोठं चित्र. ते कशाचं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. विठ्ठल, टाळकरी, पताका. विठ्ठलाबद्दल आमची तक्रार असायचं कारणच नाही, पण तो पंढरपूरला उभा आहे. कुर्डुवाडीची गोष्ट निराळी आहे आणि ती नव्या गिलाव्याखाली जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

मुंबईकडून आलेला रेल्वेमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी मात्र तीस-पस्तीस किलोमीटर बाजूला राहिली. म्हणून या स्टेशनाचं नाव 'बार्शी रोड'. जागा आमची, नाव शेजाऱ्याचं! ही दरी बुजवायची कल्पना घेऊन बसला एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. लोहमार्ग अरुंद म्हणून गाडी दुबळीच असली पाहिजे, हे त्याला मान्य नव्हतं. त्यानं दोन रुळांत अंतर ठेवलं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. इंजिन असो वा वाघीण (मालडबा), चाकांच्या कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर भार पडू द्यायचा नाही, हा नियम. भार सगळीकडे सारखा वाटला की हलके रूळही चालतात, पुलांचा खर्च आवाक्यात येतो आणि तरी लांबलचक डबे ओढता येतात. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरचा हा पसारा आणि त्याच्या मधोमध कुर्डुवाडी. (याच कॅल्थ्रॉपनं पुढे वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केलं. फलाटावर चहा पिताना हे सांगितलं की समोरचा आपल्याकडे संशयानं बघतो.)

१९५४ मध्ये सरकारनं ही कंपनी विकत घेतली. इंजिनं आणि डबे दुरुस्त करणारा कारखाना कुर्डुवाडीचा, त्यामुळे घराघरांत कुणीतरी फिटर, कुणी खलाशी, कुणी गार्ड. चालत्या गाडीतून उतरावं, चार पावलं चालावं आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं, असे विनोद बार्शी लाईटवर सगळ्यांनी केले. आषाढीला तिच्याच टपावर बसून जायची वेळ आली की विनोद थांबायचे.

साहेब, नॅरोगेज गेली म्हणून गळा काढायला मी हे लिहीत नाही. ती जायलाच हवी होती. धाराशिव जिल्ह्याचं ठिकाण, पण जुनी लाईन त्याला वगळून येडशीवरून जायची. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला, म्हणून तिथे गाडी आली. २००८ मध्ये लातूरकडचं ब्रॉडगेज कुर्डुवाडीपर्यंत पूर्ण झालं. त्यानंतर आठ वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरचे नळ कोरडे पडले असताना मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ती पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे, म्हणजे कॅल्थ्रॉपच्याच वाटेनं गेली. पाण्यानं भरलेली तसली एक वाघीण पाच टनांच्या आसांवर कधीच चालली नसती. रुंद रुळांचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. एखादं इंजिन रंगवून चौथऱ्यावर चढवलं आणि पुढे दोन ओळींची पाटी लावली, म्हणजे इतिहास जपला असं समजू नका. ७६२ मिलिमीटरचे जुने आणि १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज रूळ शेजारी शेजारी टाका. जुन्याच्या दोन्ही रुळांवर एकेक पाय ठेवून पोरांना उभं राहता येईल, ब्रॉडगेजवर मात्र पाय फाकूनही जमणार नाही. 'बार्शी रोड' हे नाव कुठेतरी दिसू द्या. जुनी वेळापत्रकं, मार्गाचा नकाशा लावा. आणि कारखान्यात व लाईनवर राबलेली माणसं अजून गावात आहेत तोवर त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्या. रंगकामाला मुदतवाढ मिळते, ऐंशी वर्षांच्या फिटरला मिळत नाही.

आणखी एक, जाता जाता. सोलापूर-मुंबई वंदे भारत २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला इथे थांबा मिळाला, त्याचा आनंद आहे. पण हे जंक्शन आहे. बार्शीची, पंढरपूरची माणसं इथे गाडी बदलतात. फलाटावर नुसतं गाड्यांचं वेळापत्रक नको. कोणत्या गाडीतून उतरल्यावर पुढची कोणती मिळते आणि ती कोणत्या फलाटावरून, हेही मराठीत लिहा, ठळक अक्षरात. रात्री दोन वाजता पेंगुळलेल्या म्हाताऱ्या माणसालाही वाचता आलं पाहिजे.

भिंतीचा आराखडा अजून मंजूर व्हायचा असेल तर कळवा. कुर्डुवाडीत जुने फोटो जपून ठेवलेली घरं कमी नाहीत, पेट्या उघडायला लोक तयार होतील.

आपला,
कुर्डुवाडीला गाडी बदलणारा एक प्रवासी