मधली चित्रं दुसऱ्याला काढू दे

कुडाळ,
शनिवार दुपार

चि. मनू हिस आईचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री बंड्याच्या तोंडून निसटलं. तुझ्या उजव्या मनगटाला पट्टा आहे, डॉक्टरांनी तीन आठवडे पेन्सिल धरू नको म्हणून सांगितलंय, आणि घरी कळू द्यायचं नाही अशी शपथ तू त्याला घातली आहेस. त्याला बोलू नकोस. मी नुसतं विचारलं होतं, "ताई वेळेवर जेवते ना?" त्याचा चेहरा बघितला आणि पुढचं मीच काढून घेतलं.

फोन हातात घेतला होता, पण आपलं फोनवर काय होतं ते तुला ठाऊक आहे. चतुर्थीला तू निघायच्या आदल्या रात्री झालं तेच पुन्हा झालं असतं. म्हणून लिहायला बसले. आणि आधीच सांगते, हे पत्र हाताबद्दल नाही. हाताचं तू आणि तुझे डॉक्टर बघालच. मला तुझ्या अ‍ॅनिमेशनच्या फिल्मबद्दल लिहायचंय. त्या रात्री ते राहूनच गेलं.

फक्त एवढं सांग, दुखतं ते अंगठ्याच्या बाजूला ना? अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ जाते का? शाळेतून येताना मी आपल्या डॉक्टरांकडे डोकावून आले. ते म्हणाले, अंगठा हलवणाऱ्या कंडरा ज्या नळीतून जातात तिला सूज येते, आणि सारखं एकाच पद्धतीचं काम करणाऱ्यांना हे होतं. विश्रांती दिली तर बहुतेकांचं बरं होतं. रेटून काम केलं तर लांबत जातं, मग इंजेक्शन, क्वचित छोटं ऑपरेशन. हे शेवटचं त्यांनी अगदी सहज सांगितलं. मला ते सहज ऐकता आलं नाही.

मोदकांसाठी नारळ खवायला बसली होतीस तेव्हाच मला दिसलं होतं. पहिली वाटी कशीबशी झाली. दुसरीला तू मनगट फिरवतच नव्हतीस, वाटी घट्ट धरून सगळा खांदा हलवत होतीस. खोबरं एका बाजूने पार करवंटीपर्यंत खवलेलं आणि दुसऱ्या बाजूला तसंच पांढरं जाड राहिलेलं. आजीने विचारलं, "काय गो, हाताक काय झाला तुझ्या?" तू आधी हसलीस, मग म्हणालीस, झोपेत आखडला.

असो. फिल्म.

त्या संध्याकाळी तू लॅपटॉप उघडून आम्हा सगळ्यांना दाखवलंस ते फक्त आठ सेकंदांचं होतं. रंग नाही, आवाज नाही. बाईला नाक-डोळेसुद्धा नव्हते, नुसती पेन्सिलीची रेघ. ती पडवीच्या पायरीवर बसलेली. आधी तिचा उजवा तळवा गुडघ्यावर येतो. मग ती जराशी पुढे झुकते आणि तिथेच थांबते, उठत नाही. मग डावा हात खांबाला. मग कंबर वर येते आणि मान सगळ्यांत शेवटी. ती उभी राहून स्थिर झाली तरी पदर मागून येऊन एकदा हलतो आणि मग खाली पडतो.

बाबा म्हणाले, "अगं, ही तर आई." चेहरा नसलेल्या बाईत त्यांना स्वतःची आई दिसली, मनू. ते त्यानंतर उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत, ते तू बघितलं नसशील, तू आजीला परत परत दाखवत होतीस. आजी म्हणत होती, "माका कित्याक चितारल्यान ह्या चेडवान? एखादी राणी काढूची होती." पण रोज संध्याकाळी शेजारच्या काकीला बोलावून सांगते, अहमदाबादेत माझ्यावर सिनेमा चाललाय म्हणून.

मी इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, माणसाला वजन असतं हे कागदावर कसं दाखवायचं असतं याचा मी कधी विचार केला नव्हता. तू समजावलंस की कुठलीही हालचाल करण्याआधी अंग थोडं उलट्या दिशेला जातं. उडी मारणारा आधी खाली दबतो, चेंडू फेकणारा आधी हात मागे नेतो. तुमच्याकडे त्याला अँटिसिपेशन म्हणतात. ते गाळलं तर पात्र हवेत तरंगल्यासारखं वाटतं. आजीचं ते मध्येच थांबणं, उठू की नको असं, तेही तू त्यात धरलंस. पहिल्या वर्षी पिठाची पिशवी नुसत्या वाकण्यावरून दुःखी आणि खूश दाखवायचा तो अभ्यास तुम्हाला दिला होता, तेव्हा मला वाटलं होतं हे काय खूळ. आता कळतं.

आणि म्हणूनच मला कळतं तू कधी लपवतेस ते. काही दडवायचं असलं की तू आधी हसतेस. बालवाडीपासून.

तू झोपल्यावर मी हिशेब केला होता. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आठ सेकंदांची ९६. नुसतं उभं राहायला ९६, मनू! फिल्म चार मिनिटांची म्हणतेस, म्हणजे २,८८०. काही ठिकाणी चित्र थांबून राहतं ते वजा केलं तरी दोन हजारांच्या वर. त्यात कच्चं वेगळं, पक्कं वेगळं, खोडलेलं वेगळं. आणि हे सगळं त्या एका मनगटातून.

बघ, आले परत तिथेच.

मग एक विचारते, आणि हे मी खरंच विचार करून विचारतेय. तूच मला सांगितलं होतंस की मोठ्या स्टुडिओंत मुख्य चित्रकार फक्त मुख्य पोझ काढतो आणि मधली चित्रं सहायक भरतात. मग तळवा गुडघ्यावर, ते थांबणं, खांब, उभं राहणं, एवढी चार-पाच चित्रं तुझी. आजी त्या चार-पाचांतच आहे. मधली तुझ्या वर्गातल्या कुणाला भरू देत, तू त्यांना नंतर कशात तरी मदत कर. प्रत्येक रेघ माझीच हवी हा हट्ट तुझा आहे, तिथल्या कुणी तो तुझ्यावर लादलेला नाही. पहाटेपर्यंत बसायलाही कुणी सांगत नाही, हे तूच म्हणालीस. तुझ्या सरांना पट्टा दाखव आणि ज्युरीसाठी, त्या तुमच्या परीक्षणासाठी, मुदत मागून घे. मुदत मागितल्याने कुणी लहान होत नाही. लाजायचं काय त्यात? हात एकच आहे, मुदती दहा मिळतात.

रागावू नकोस. बाई वर्गात बोलतात तसं झालं. पुढचं वाक्य लिहिलं होतं ते खोडलंय.

आबांची आठवण येते अशा वेळी. देवळाच्या जत्रेला ते तुला खांद्यावर टाकून न्यायचे, दशावतार बघायला, आणि मी ओरडायचे की पोरीला रात्रभर जागवू नका. तू गणपती आणि सरस्वती होईपर्यंत जागी असायचीस, संकासुर आला की आबांच्या धोतरात तोंड लपवायचीस आणि एका डोळ्याने बघायचीस. काळा पोशाख, ती लाल जीभ, आणि बोलायचा मात्र आपल्यासारखं मालवणी. मग आख्यान सुरू झालं की झोपायचीस असं आम्हाला वाटायचं. तू झोपत नव्हतीस. सकाळी सगळं सांगायचीस, पायपेटीवर कुठल्या वेळी काय वाजलं ते सुद्धा.

एकदा तू विचारलंस, राजा आपल्या शाळेच्या बाकावर का बसला होता? तिथे असतं काय, एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच रानातला दगड, तेच राणीचा पलंग. आबा म्हणाले, "तो कसो बसता ता बघ, बाकडा बघू नको." त्यानंतर घरातल्या पाटावर तू राजा बसतो तशी आणि भिकारी बसतो तशी बसून दाखवायचीस, जेवण निवेपर्यंत. तारामती झालेला माणूस पहाटे मांडवामागे बिडी ओढताना दिसला तेव्हा केवढी रडली होतीस. तो पुरुष होता याचं तुला रडू नव्हतं आलं, ती बाई कुठे गेली म्हणून तू रडत होतीस. मला तेव्हा ते कळलं नव्हतं, आबांना कळलं होतं.

त्या लोकांकडे लिहिलेले संवाद नसतात. संध्याकाळी आख्यान ठरतं आणि बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. इतक्या वर्षांत एकालाही अडखळताना मी ऐकलं नाही. तुम्हाला गोष्ट सांगायची शिकवतात म्हणालीस ना, तर आबा असते तर त्यांनी तुझ्या सरांना पत्र लिहिलं असतं की मुलांना एकदा जत्रेला पाठवा.

आणि पिंगुळी. शाळेची मुलं घेऊन मी ठाकर मंडळींच्या कला अंगणात गेले तेव्हा तू दुसरीत होतीस, बरोबर आणली होती. चित्रकथीचा एकेक कागद समोर धरून गोष्ट गायची, ती झाली की पुढचा. तुझ्या खोलीतल्या भिंतीवर टाचलेल्या स्टोरीबोर्डचा, गोष्टीच्या त्या ओळीने लावलेल्या चित्रांचा, फोटो पाठवलास तेव्हा मला तेच आठवलं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आबांनी पेपर कापून ठेवला होता, तो तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दिवाळीला आलीस की परत जाऊ. हे तीन आठवडे काढायचे नाहीत तर बघायचे आहेत असं धर. साबरमतीच्या काठावर बस, म्हातारी माणसं कशी उठतात-बसतात ते बघ. त्याला मनगट लागत नाही.

हे मी परवा सातवीच्या वर्गात सांगितलं, तुलाही सांगते. फाळक्यांनी १९११ मध्ये गिरगावात सिनेमा बघितला आणि त्यांना दुसरं काही सुचेना. रोज सिनेमे बघायचे, रात्री प्रयोग, झोप नाही. डोळे गेले त्यांचे. खरोखर दिसेनासं झालं. डॉक्टर प्रभाकरांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले, तेव्हा कुठे दृष्टी आली. वाटाण्याचा कोंब एकेक फ्रेम घेत वाढवून दाखवला तो त्यानंतर, १९१२ मध्ये. हरिश्चंद्र १९१३ मध्ये. आणि आगकाड्या नाचवल्या त्या १९१५ मध्ये, म्हणजे तू करतेस त्या कामाची आपल्याकडची सुरुवातच म्हण. सगळं डोळे बरे झाल्यावरचं आहे. आजारपणात थांबले ते वाया गेलं नाही.

मुलं फाळक्यांबद्दल ऐकत होती आणि मी मनात सरस्वतीबाईंबद्दल विचार करत होते. दागिने दिले, सगळ्यांचा स्वयंपाक केला, रात्री फिल्मला भोकं पाडली, ते सगळं पुस्तकात आहे. पण नवरा अंधारात चाचपडत होता तेव्हा ती निदान त्याच खोलीत होती. मी इथे आहे, आणि तुझी वेणी कोण घालतं हेसुद्धा मला माहीत नाही. एका हाताने येते का घालायला? केस धुवायचे राहू देत थोडे दिवस, पण ओले बांधून झोपू नकोस.

तुला आठवतं का माहीत नाही, सातवीत असताना पेरूवरून पडलीस, कोपर वेडंवाकडं झालं होतं आणि मी धावत आले तर तू ओरडून सांगितलंस, "आई, डावा आहे!" दुखतंय असं म्हणालीच नाहीस. मला तेव्हाच कळलं की ही मुलगी उजव्या हाताने जगणार आहे. तुझ्या डिझाइन कॉलेजचा, एनआयडीचा, प्रवेशाचा निकाल लागला त्या दिवशी काका म्हणाले, कार्टून काढून पोट भरतं का? बाबांनी उत्तर दिलं नाही, पण ती आठ सेकंदं आता त्यांच्या मोबाइलमध्ये आहेत आणि बँकेत, केस कापायला गेले तिथे, एसटीत शेजारी बसेल त्याला, सगळ्यांना दाखवून झाली आहेत. मी दाखवत नाही कुणाला. मी रात्री एकटी बघते. आजी उठते तिथे मला अजून दर वेळी भरून येतं, आणि मग लगेच तो पट्टा डोळ्यांसमोर येतो.

मी रजा टाकून येऊ का आठवडाभर? विचारतेय, ठरवलेलं नाही. नको म्हणालीस तर नाही येणार. शालीमावशीचा मुलगा बुधवारी तिकडे निघतोय, त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ, सोलं आणि खाजं देतेय. डबा घट्ट आहे, झाकण तू उघडू नकोस, खोलीतल्या मुलीला सांग.

आजीचा निरोप आहे, फिल्ममधल्या बाईच्या पायात चपला घाल, उन्हातून अनवाणी चालवू नको.

तुझी,
आई

ता. क. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाचा फोटो मला पाठव, बंड्याला नको. फिजिओथेरपी सांगितली असेल तर पैशांकडे बघू नकोस, बाबांनी आज सकाळीच तुझ्या खात्यात टाकलेत. आणि सरांशी बोललीस की कळव, रात्री कितीही वाजले असले तरी.