सुभेदार साहेब, ते पान अजून माझ्याकडे आहे

आदरणीय सुभेदार साहेबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर आभार मानू देत नाही. "सराव चालू आहे ना?" एवढं विचारता आणि फोन काकूंच्या हातात देता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इंदुरात लग्नसराईत क्लॅरिनेट-कॉर्नेट वाजवणाऱ्या पोरांच्याही नजरेस पडावं, अशी इच्छा आहे.

2005 चा मे महिना. राजवाड्याजवळ वरात थांबली होती. मी अठरा वर्षांचा. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून काकाच्या बँडवरच घर चालायचं. तुम्ही वऱ्हाडातून पुढे आलात आणि विचारलंत, "वाचता येतं?" मी म्हणालो, दहावी पास आहे. तुम्ही खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर पाच आडव्या रेघा ओढल्यात, पाश्चात्त्य स्वरलिपीच्या. "हे वाचता येतं?"

त्याच्या सहा महिने आधी एका माणसाने 'फौजेच्या बँडात लावून देतो' म्हणून बाबांकडून पंधरा हजार घेतले होते. आईच्या पाटल्या त्यात गेल्या आणि तो माणूस परत दिसला नाही. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "तिथे वाद्य ऐकतात. रविवारी महूला ये." दीड वर्ष दर रविवारी मी मीटरगेजच्या छोट्या गाडीने महूला येत होतो. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, उलट माझ्या फाटलेल्या रीडच्या (क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायच्या पातळ पट्टीच्या) जागी स्वतःच्या डबीतली नवी रीड काढून दिलीत.

कानाने मी काहीही उचलायचो. कागद आला की अडायचो. आईमुळे आपल्या शास्त्रीय संगीताची भातखंडे लिपी थोडी ठाऊक होती, कोमल स्वराखालची रेघ, सप्तकांचे बिंदू. पण तिथे सा आपण धरू तो. पाश्चात्त्य लिपीत सी, डी या स्वरांची उंची ठरलेली, तरी माझ्या क्लॅरिनेटच्या कागदावरचा सी ऐकू येतो एक सूर खाली, म्हणजे बी फ्लॅट, आणि बासरीवाल्याच्या कागदावर सी असेल तिथे माझ्याकडे डी लिहिलेला असतो, हे डोक्यात बसायला मला दोन महिने लागले. तुम्ही एकदाही चिडला नाहीत.

चिडलात ते एकदाच. एका मार्चच्या धुनेत (संचलनाच्या चालीत) माझ्या पार्टला सोळा बारांची, म्हणजे चार-चार मात्रांच्या सोळा तुकड्यांची, विश्रांती होती आणि मी मधेच सूर भरला. वरातीत तीच सवय. जागा रिकामी दिसली की भरायची. तुम्ही हातातली काठी ओट्यावर आपटलीत. "हे सोळा बार तुझे नाहीत. दुसरं कुणी वाजवतंय. तू मोज." मग स्वतः मोजून दाखवलंत: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार... काकू चहा घेऊन दारात थांबून राहिल्या, सोळावा बार संपेपर्यंत आत आल्या नाहीत. साहेब, माझी नोकरी त्या दुपारी लागली असं मी मानतो. भरतीत धावणं, छाती, वजन झाल्यावर वाद्याची चाचणी झाली. समोर अनोळखी कागद ठेवला. माझ्याआधीचा मुलगा माझ्याहून गोड वाजवणारा होता, पण तो विश्रांतीत घुसला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आधी रायफल, कवायत, मग बँड. जखमींचं स्ट्रेचर उचलायलाही शिकवलं, कारण लढाईत बँडवाल्यांकडे ते काम येतं. घरी अजून कुणाला हे खरं वाटत नाही. पचमढीला कोर्ससाठी गेलो. 1950 साली जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने सुरू झालेली सैन्याची ती संगीतशाळा, आपल्याच मध्य प्रदेशात, आणि इंदुरातल्या किती बँडवाल्यांना तिचं नाव माहीत आहे? 29 जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटसाठी, म्हणजे प्रजासत्ताक दिन सोहळ्याच्या समारोपासाठी, दिल्लीच्या विजय चौकात पहाटेच्या थंडीत तालमी झाल्या, तेव्हा सगळ्यांची क्लॅरिनेटं उतरत होती. मी तुमचं ऐकून आवाज न काढता नळीत ऊब फुंकत राहिलो आणि माउथपीस कोटाच्या आत काखेत धरून ठेवला. सूर टिकला.

इंदूरच्या पोरांनो, आता भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं, आणि त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम. ही अट मला कठीण वाटते, ते लपवत नाही. नौदल आणि वायुदलही अग्निवीर म्हणूनच, पण संगीतकार वेगळे घेतात, दहावी पास पुरते, मुलीही अर्ज करू शकतात. दलालाला एक रुपया देऊ नका. कागद वाचायला शिका, आणि शिकवणारं घर सापडेपर्यंत विचारत राहा.

साहेब, तुम्ही हाताने उतरवून दिलेला तो मार्च माझ्या ट्रंकेत आहे. घड्यांवर फाटलाय, उजव्या कोपऱ्यावर काकूंच्या चहाचा डाग आहे. तुम्हाला आता ऐकू कमी येतं, असं काकू म्हणाल्या. दिवाळीच्या रजेत येतोय, ते पान घेऊनच. ओट्यावर तुमच्या शेजारी बसेन. सोळा बार तुम्ही काठीने मोजा, सतराव्याला मी घेतो.

तुमचा,
महूच्या रविवारचा विद्यार्थी