आधी क्लेअर जिंकल्याचं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘आयर्लंडचा श्वास : रग्बी’ हा पानभर लेख वाचला. लेख दिसायला देखणा आहे. हिरवे शर्ट, चिखलाने माखलेले गुडघे, सगळं आहे. फक्त मधोमध जो भलाथोरला फोटो टाकून खाली ‘आयरिश रग्बीचे माहेरघर’ असं छापलंय, ते डब्लिनचं क्रोक पार्क मैदान आहे. रग्बीचं घर नदीपलीकडे, लान्सडाउन रोडला. तिथे ५१,७०० माणसं मावतात. क्रोक पार्क हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा आयर्लंडचा जुना खेळ) आणि गेलिक फुटबॉलवाल्यांचं, त्यांच्याच संघटनेच्या मालकीचं, ८२,३०० माणसांचं. लान्सडाउन रोडचं जुनं मैदान पाडून नवं बांधायचं होतं म्हणून २००७ साली त्यांनी रग्बीला पहिल्यांदा दार उघडलं. भाडेकरूला घरमालक म्हणून छापायचं काम आपण केलंत. आणि तुमच्या मथळ्याचं शेवटचं अक्षर ज्या स्टँडवर येऊन बसलंय तो हॉगन स्टँड. मायकल हॉगन हा टिपररी परगण्याचा खेळाडू. २१ नोव्हेंबर १९२० ला याच मैदानावर सामना चालू असताना इंग्रजांच्या गोळीबारात तो गेला, एकूण चौदा माणसं गेली. मथळा जरा डावीकडे सरकवता आला असता.

असो. फोटोची चूक कोणाचीही होते. माझं दुखणं त्या एका वाक्याचं आहे : ‘गेलिक खेळ मात्र अजूनही ग्रामीण भागात हौसेखातर खेळले जातात.’ पानभर लेखात हर्लिंगच्या वाट्याला एवढंच. हे वाक्य वाचून मला आपल्याच वर्तमानपत्राचा २२ जुलै २०२४ चा अंक आठवला. आपल्याला आठवत नसणार. मला आठवतो, कारण त्या अंकापायी मी एकाहत्तराव्या वर्षी खोटं बोललो.

माझी मुलगी क्लेअर परगण्यात एनिसला नोकरी करते. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे होतो. दहा वर्षांची नात तिथल्या क्लबात कमोगी, म्हणजे मुलींचं हर्लिंग, खेळते. तिची हर्ली, म्हणजे खेळायची काठी, मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा हिला म्हटलं, हे तर आपलं धोपाटणं! तसंच पसरट टोक, फक्त ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचं, आणि दांडा लांब. त्या धोपाटण्यावर चेंडू तोलत पोरगी परसात पळायची आणि मी विटी-दांडूवाला माणूस कुंपणापाशी उभा राहून बघायचो.

२१ जुलैला हर्लिंगच्या अखिल आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना, क्लेअर विरुद्ध कॉर्क. क्लेअर २०१३ नंतर जिंकलं नव्हतं. गल्लीत घराघरावर पिवळे-निळे झेंडे. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला त्याच्या घरी टीव्हीसमोर बसवलं. तो क्लेअरच्या टोनी केलीचा गोल! चेंडू काठीवर खेळवत बचावातून असा आत शिरला की आमची हीसुद्धा चहाचा कप विसरून उभी राहिली. सत्तर मिनिटं बरोबरीत संपली, जादा वेळ झाला आणि शेवटी क्लेअरच्या बाजूने एका गुणाचा फरक राहिला. अगदी शेवटच्या क्षणी कॉर्कच्या रॉबी ओफ्लिनचा शर्ट मागून ओढला गेला, पंचांनी शिट्टी वाजवली नाही. कॉर्ककर त्यावर अजून चिडून आहेत, आणि मी कॉर्कचा असतो तर मीही चिडलो असतो. म्हातारा मात्र खुर्चीत बसून नुसता रडत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आपला ई-पेपर उघडला. क्रीडापानाच्या तळाशी दोन ओळी होत्या. मला केवढा आनंद! फोन घेऊन तसाच शेजारी गेलो. म्हटलं, बघा, आमच्या सांगलीच्या पेपरात तुमचं क्लेअर. त्याने चष्मा लावला, आपली अक्षरं बोटाने कुरवाळल्यासारखी केली आणि विचारलं, काय लिहिलंय? तेव्हा मी नीट वाचलं. ‘कॉर्क ३४-२९ ने विजयी.’

संपादक महाशय, धावफलक होता क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. पहिला आकडा गोलांचा, एक गोल म्हणजे तीन गुण. दुसरा आडव्या दांडीवरून मारलेल्या गुणांचा. तीन त्रिक नऊ अधिक एकोणतीस, अडतीस. तीन अधिक चौतीस, सदतीस. माझी नात हे तोंडी करते. आपल्या क्रीडा विभागाने फक्त मागचे आकडे उचलले आणि अकरा वर्षांनी जिंकलेल्या परगण्याला हरवून टाकलं.

मी म्हाताऱ्याला सांगितलं, ‘क्लेअर जिंकलं असं लिहिलंय.’ त्याने कात्रण मागितलं. मी म्हटलं, सांगलीला गेलो की पाठवतो.

त्याच दिवशी आपल्याला दुरुस्तीसाठी मेल केला. आल्यावर पोस्टानेही पत्र टाकलं. दोन्हींना उत्तर नाही. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात टिपररीने कॉर्कला ३-२७, १-१८ असं लोळवलं, मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे असताना. त्याची तर बातमीच नाही. चुकीच्या बातमीपेक्षा ते बरं, असं हिचं मत.

रग्बीचा मला राग नाही. जावई रग्बीवेडा आहे, म्हणून २०२३ च्या विश्वचषकातला न्यूझीलंडविरुद्धचा सामना मीही इथे रात्रभर जागून पाहिला. २८-२४ असं मागे असताना आयर्लंडवाले सदतीस वेळा चेंडू पुढे रेटत राहिले, शेवटी न्यूझीलंडने तो हिसकावला. त्या पाच मिनिटांसाठी सलाम. पण सगळे सामने तसे नसतात. एकदा मी घड्याळ लावलं : स्क्रमची, म्हणजे दोन्ही संघांनी खांद्याला खांदे भिडवून चेंडूसाठी करायच्या रेटारेटीची, शिट्टी झाल्यापासून चेंडू बाहेर येईपर्यंत दोनदा कोसळून, दोनदा पुन्हा मांडून, पावणेतीन मिनिटं. तेवढ्यात मी दाराशी जाऊन भाजी घेऊन आलो. हर्लिंगमध्ये पावणेतीन मिनिटांत चार गुण आणि एक भांडण होऊन जातं. तरी जगभर कौतुक कोणाचं, तर ज्याच्यामागे इंग्लंड-फ्रान्स आणि टीव्हीचा पैसा आहे त्याचं. खुद्द आयर्लंडमध्ये सिक्स नेशन्स ही रग्बीची सहा देशांची स्पर्धा घरबसल्या फुकट, आणि मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतातले हर्लिंगचे काही मोठे सामने पैसे भरून इंटरनेटवर! त्यावरून तिथल्या संसदेपर्यंत बोंब झाली. यातलं काही आपल्या लेखकाला माहीत नसावं. लिमरिकसारखं एखादं शहर सोडलं, तर रग्बी तिथे बहुतेक भरभक्कम फीच्या शाळांमधून येतं, हेही नसावं.

आणि ‘हौसेखातर’ म्हणाल तर खरंच आहे. ब्याऐंशी हजारांसमोर खेळून एक पैसा न घेता ती पोरं परत शाळेत शिकवायला नाहीतर गोठ्यात जातात. याला आपण ग्रामीण म्हणून एका ओळीत उडवता. नवल नाही म्हणा. मी तरुणपणी कबड्डी खेळलो, तेव्हा तालुक्याच्या सामन्यांचे निकाल याच पेपरात चढाईपटूच्या नावासकट यायचे. आता यात्रेतल्या सामन्यांचा निकाल कळवायला गेलं तर ‘जाहिरात विभागात बोला’ असं उत्तर मिळतं. मँचेस्टरच्या कुठल्या गोलरक्षकाचा अंगठा दुखावला ते मात्र तीन कॉलम. कोल्हापूर आवृत्तीत निदान तालमींच्या फुटबॉलला तरी जागा असते. सांगलीने काय घोडं मारलंय?

रग्बीवर आणखी दहा लेख छापा, माझी हरकत नाही. मला फक्त एक चौकट हवी आहे, दोन बाय दोन इंचांची चालेल : ‘दुरुस्ती. २१ जुलै २०२४ च्या सामन्यात क्लेअर ३८, कॉर्क ३७.’ तारीख दिसेल अशी छापा. कात्रण पाठवायचं आहे. म्हातारा मुलीला रस्त्यात भेटला की अजून विचारतो.

कळावे,
आपला चाळीस वर्षांचा वर्गणीदार,
सांगली

ता. क. : हे पत्र कापायचं झालं तर स्क्रमची पावणेतीन मिनिटं कापा, बेरीज कापू नका.